तेलाच्या धंद्यातील उमेदवारी

मुलाचे शिक्षण संपले आणि नोकरी लागली नाही, की त्याची चिंता त्याच्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांस अधिक लागते. अशा वेळी कोणी आप्त येतो आणि आवाज खाली आणून सांगतो की, तेलाच्या कंपनीत पगार मोठा असतो, ओळख मात्र पाहिजे. या एका वाक्यात अर्धे सत्य आणि अर्धा घात आहे. पगाराची गोष्ट पुष्कळ अंशी खरी आहे. ओळखीची गोष्ट मात्र तपासून घेतली पाहिजे. ज्या धंद्यात एका झडपेच्या चुकीने शेकडो माणसांच्या जिवावर बेतते, त्या धंद्यात आपले काम उत्तम येत असल्याचा दाखला हीच पहिली ओळख होय.

हिंदुस्थानात हा धंदा आजकालचा नव्हे. आसामातील डिगबोई येथे १८८९ साली तेलाची विहीर लागली व १९०१ साली तेथे शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. मुंबईकरांच्या दाराशी हा धंदा आला तो तुर्भ्याच्या कारखान्यांमुळे. त्यांपैकी पहिला १९५४ साली व दुसरा १९५५ साली चालू झाला. पुढे १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल शोधून काढले. १९७६ च्या मे महिन्यात तेथील उत्पादन सुरू झाले. तेथील तेल व वायू समुद्रतळावरील नळांतून उरणास येतो, आणि त्यामुळे या बाजूच्या कित्येक घरांना एक नवी वाट मिळाली.

ही वाट एकच आहे असे मात्र समजू नये. तेल शोधणे व काढणे हे एक काम, ते शुद्ध करणे हे दुसरे आणि तेल व वायू गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविणे हे तिसरे. पहिल्या कामास भूगर्भशास्त्र जाणणारे पदवीधर, अभियंते व विहीर खोदणारे कामगार लागतात. दुसऱ्यास रसायनशास्त्राचे पदवीधर, यंत्रांवर नजर ठेवणारे चालक आणि प्रयोगशाळेत नमुने तपासणारे लोक लागतात. येथे मुलींनीही आपली जागा मिळविली आहे. तिसरे काम तर शहराच्या गल्लीबोळांत चालते. स्वयंपाकघरात नळाने वायू आला म्हणजे तो नळ पुरणारा, मीटर बसविणारा व गळती शोधणारा माणूसही आलाच. या सर्वांखेरीज फिटर, वेल्डर, वीजतंत्री व मापनयंत्रे दुरुस्त करणारे कारागीर तिन्ही ठिकाणी हवेच असतात.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलाने प्रथम उमेदवारी शोधावी. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा झाला, आणि मोठे कारखाने त्यानुसार दरवर्षी उमेदवार घेतात. विद्यावेतन थोडे असते खरे, परंतु तेथे हात तयार होतो. हा हात कसा पारखतात याचे एक उदाहरण ऐकण्यासारखे आहे. नळाच्या वेल्डरची कठीण परीक्षा घेताना नळ पंचेचाळीस अंशांत तिरका बांधून ठेवतात. तो फिरवावयाचा नाही. वेल्डरनेच कधी वाकून, कधी मान उंचावून सगळा सांधा भरावयाचा. नंतर त्या सांध्याचे क्ष-किरणांनी चित्र घेतात. आत केसाएवढी फट राहिली तरी ती चित्रात दिसते, आणि क्ष-किरणांना मामाची चिठ्ठी वाचता येत नाही!

समुद्रावरील नोकरी ज्यास हवी त्यास आणखी एका परीक्षेस बसावे लागते. हेलिकॉप्टरच्या आकाराची एक खोली पाण्याच्या टाकीत सोडतात व बुडताना उलटी करतात. आत पट्ट्याने बांधलेल्या माणसाने श्वास रोखून पट्टा सोडवावयाचा व खिडकीतून बाहेर पडावयाचे. हे शिक्षण घेतल्यावाचून समुद्रात रोवलेल्या लोखंडी मंचावर सहसा कोणास नेत नाहीत. तेथे दिवसाला बारा तासांची पाळी असते. पुष्कळ ठिकाणी चौदा दिवस समुद्रावर व चौदा दिवस घरी असा क्रम असतो. घरच्या मंडळींनी हा हिशेब आधीच करावा, कारण गणपतीला वा बहिणीच्या लग्नाला मुलगा घरी असेलच, असा भरवसा या नोकरीत देता येत नाही.

धोक्याचा विषय टाळून चालणार नाही. २००५ सालच्या २७ जुलै रोजी एका जहाजावरील जखमी स्वयंपाक्यास उपचारासाठी मंचावर चढविण्याची खटपट चालली असता, ते जहाज मंचाच्या नळांवर आदळले आणि वायूचा भडका उडाला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली. पुढे २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात कामगारांची वस्ती असलेला 'पी-३०५' हा तराफा नांगर तुटून भरकटला व बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. त्यांतील ७० हून अधिक दगावली. त्यांतील बहुतेक जण कंत्राटदारांकडून कामास आलेले होते. काम एकाच समुद्रावर, एकाच तेलासाठी. पण प्रत्येकाचे नाव निरनिराळ्या हजेरीपटावर असते, आणि संकटाच्या दिवशी घरच्यांना दाद कोणाकडे मागावयाची हे त्या हजेरीपटावरून ठरते.

म्हणून या धंद्यात शिरताना पगार किती, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा: नाव कोणाच्या हजेरीपटावर चढणार? कंत्राटदाराची नोकरी वाईटच असते असे नव्हे. कित्येक चांगले कारागीर तिच्यातूनच वर आले आहेत. परंतु लेखी नियुक्तिपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, विम्याचा कागद आणि सुरक्षेच्या शिक्षणाचा दाखला, या चार वस्तू हाती असल्यावाचून मुलाने घराबाहेर पाऊल टाकू नये. त्यांच्या नकला आईजवळ ठेवाव्या.

आखातातील नोकरीची गोष्टही अशीच. परदेशी माणसे पाठविणाऱ्या दलालास १९८३ च्या कायद्याने सरकारी नोंदणी सक्तीची केली. तो नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच कसला? प्रतिष्ठित कंपनी मुलाखतीसाठी वा निवडीसाठी उमेदवाराकडून पैसे मागत नाही. जो दलाल आज संध्याकाळपर्यंत रोख रक्कम आणा म्हणतो, तो नोकरी विकत नसून त्या घराची घाई विकत घेत असतो. पर्यटनाच्या परवान्यावर जाऊन तेथे काम मिळवू, हे आश्वासन तर घरातील दागिन्यांइतकेच मुलाच्या स्वातंत्र्यावरही संकट आणते.

शेवटी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेलाचा भाव चढतो तसा कोसळतोही. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या वायदेबाजारात तो शून्याच्याही खाली गेला होता. भाव पडला की नव्या विहिरींची कामे थांबतात आणि माणसे घरी बसतात. ज्याच्या हातात कसब असते त्यास अशा वेळी जहाजबांधणी, वीजनिर्मिती किंवा रसायनांचे कारखाने उघडे असतात. ज्याच्या जवळ केवळ ओळख असते त्यास दुसरी ओळख शोधावी लागते.

तेव्हा नियुक्तिपत्र घरी आले म्हणजे पेढे अवश्य वाटावे. मात्र पेढे आणावयास बाहेर पडण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून ते पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्यावे.