सभा नऊला, बातमी सहाला
(तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात एका प्राथमिक शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



मास्तरांना व्याख्यानाची सवय आहे, असे चिटणीसांनी आत्ता सांगितले. ती सवय निराळी. माझ्यापुढे जे श्रोते रोज बसतात त्यांना घंटा होईपर्यंत उठून जाता येत नाही, तुम्हांला येते. तेव्हा लांबण लावीत नाही. मी जिल्हा परिषदेचा नोकर आहे. नोकरीच्या नियमांप्रमाणे मला कोणत्याही पक्षाची तळी उचलता येत नाही, म्हणून आज माझ्या तोंडून एकाही पक्षाचे नाव निघणार नाही. त्याची गरजही नाही. जे सांगायचे आहे ते सगळ्यांनाच सारखे लागू आहे. ज्याला झोंबेल त्याने आपले समजावे.

मागल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सव्वासहाला एस. टी. थांब्यावरच्या हॉटेलात चहा घेत होतो. वर्तमानपत्राचा गठ्ठा नुकताच सुटला होता. आतल्या पानावर आमच्या गावाचे नाव दिसले म्हणून वाचू लागलो. ग्रामसभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न. सर्व विषय एकमताने मंजूर. शाळेच्या तिन्ही खोल्यांवरील पत्रे बदलण्याचे काम वेळेत पुरे केल्याबद्दल सरपंचांच्या अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात पास! मी घड्याळ पाहिले. मग अंगावरच्या कपड्यांकडे पाहिले. कारण त्या सभेसाठीच मी धुतलेला सदरा घालून निघालो होतो आणि सभा होती सकाळी नऊ वाजता!

नऊला गेलो. ग्रामसेवक (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), शिपाई आणि मी धरून माणसे झाली अकरा. कायद्याप्रमाणे ग्रामसभेला एकूण मतदारांच्या शेकडा १५ किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. अर्थात सभा तहकूब झाली. म्हणजे छापलेल्या टाळ्या कोणी वाजविल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून येईल म्हणून मी पान उलटून पाहिले. तिथे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फोटो होता.

तहकूब सभा आठ दिवसांनी भरली. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते, त्यामुळे अकराचे काम सातांत भागते. ही पळवाट पुढाऱ्यांना जेवढी पाठ आहे तेवढे पाढे माझ्या पोरांना पाठ नाहीत. पण त्या दिवशी एक म्हातारी आली होती. तिची नात माझ्याकडे तिसरीत आहे. अभिनंदनाचा ठराव वाचून होताच ती जागेवरूनच म्हणाली, "मास्तर, पत्रे नवे घातले म्हनता, मग माझी नात दप्तर डोक्यावर घेऊन का बसती?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मंडळी, मी गप्प बसलो.

का गप्प बसलो ते सांगतो. त्यासाठीच तर इथवर आलो. तीनपैकी एकाच खोलीवर नवे पत्रे चढले होते. पण काम पूर्ण व समाधानकारक झाल्याच्या कागदावर माझी सही होती. मार्चअखेर होती. ठेकेदार आणि दोन सभासद शाळेत आले. म्हणाले, "मास्तर, ३१ तारखेच्या आत बिल निघाले नाही तर निधी परत जाईल. सही करा, उरलेले काम पावसाच्या आधी करून देतो." निधी परत गेला तर माझीच पोरे भिजतील, असा हिशेब मी मनाशी मांडला आणि सही केली. पैसा घेतला नाही. त्यांच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. पण पोरे भिजायची ती भिजलीच. लाच न घेता खोटी सही करणारा माणूस लाच घेणाऱ्यापेक्षा ठेकेदाराला स्वस्त पडतो, एवढाच काय तो फरक.

आता कोणी म्हणेल, हे एका गावचे गाऱ्हाणे झाले. तर मग थोडे मागे जाऊ. आपल्या वाडवडिलांची तक्रार काय होती? गावाचे दप्तर कुळकर्ण्याच्या घरात, अक्षर त्याचे, हिशेब त्याचा, आणि रयतेने अंगठा उठवायचा. शाहू छत्रपतींनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात ते वतन मोडून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात ते १९५० च्या कायद्याने गेले. मग १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीला घटनेत जागा मिळाली. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायांच्या. दप्तर आता आपल्या माणसांच्या हाती आहे. पण ज्या कपाटात ते आहे त्याची किल्ली अजूनही एकाच्याच करगोट्याला! कुळकर्ण्याने रुपया खाल्ला तर तो जुलूम आणि आपल्या भावकीतल्याने खाल्ला तर 'घरातलेच आहे, वाच्यता नको', हा न्याय कुठला? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण काय फक्त पाळण्यातल्या पोरांसाठी केली आहे?

महात्मा फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. त्यांना लोकांनी निवडून दिले नव्हते. सरकारने नेमले होते. म्हणजे नेमणाऱ्याची मर्जी राखावी असा तो मामला. पण लाटसाहेबांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला तेव्हा नेमलेल्या सभासदांनी माना डोलावल्या आणि या एकट्या गृहस्थाने विरोध केला. त्यांचे म्हणणे, हाच पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. नेमलेला माणूस असा बोलला. आमचे सभासद आम्ही निवडलेले. ते मंत्र्याच्या कमानीला आणि हारतुऱ्याला कधी नाही म्हणाल्याचे मी तरी ऐकले नाही.

आता त्या बातमीकडे वळतो. मला राग आला होता; तालुक्याला जाऊन मी वार्ताहराला गाठले. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने खुर्ची दिली आणि सरळ सांगितले, "गुरुजी, मला पगार नाही. महिन्याला पेट्रोलपुरते मानधन येते. बाकी जाहिरातीवर टक्केवारी. दिवाळी अंक, वर्धापनदिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस, यांच्या पुरवण्यांवर माझे घर चालते. सरपंच वर्षाला दोन जाहिराती देतात. तुम्ही किती देता?" सभेची बातमी आदल्या दिवशीच पंचायतीकडून टाईप होऊन त्याच्या मोबाईलवर आली होती. त्याने 'होणार'चे 'झाली' तेवढे केले.

त्याच्यावर रागावून मी काय करणार? ज्याची चाकरी करावी त्याची भाकरी खावी, हे तो करीत होता. फक्त भाकरी वाचकाची नव्हती. आणि हा रोग तालुक्यापुरता आहे असे समजू नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा बोभाटा झाला. पी. साईनाथ यांनी दाखवून दिले की एकाच पुढाऱ्याची स्तुती करणारा तोच मजकूर, शब्दाला शब्द, एकमेकांच्या स्पर्धेतल्या पत्रांत निरनिराळ्या नावांनी छापला होता. प्रेस कौन्सिलने दोघांची उपसमिती नेमली. त्यांनी पत्रांची नावे घेऊन अहवाल लिहिला. कौन्सिलने २०१० साली काय केले? मूळ अहवाल बाजूस ठेवून नावे गाळलेला त्रोटक अहवाल बाहेर काढला. मूळ अहवाल लोकांपुढे यायला माहितीच्या अधिकाराचा बडगा उगारावा लागला. तो आला २०११ साली. दुसऱ्यांची कुलपे फोडून दाखवण्याचा ज्यांचा धंदा, त्यांच्याच कपाटाला हे कुलूप! त्याच साली निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराला असल्या विकत बातमीचा खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. पैसे देणाऱ्याला शिक्षा झाली, हे ठीक. घेणाऱ्याची गल्ली मात्र शाबूत राहिली.

पण दोष एकट्या छापणाऱ्याच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढला. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून 'दीनमित्र' काढला आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालवला. खेड्यातून साप्ताहिक! असली पत्रे वर्गणीदारांच्या चार आण्या-आठ आण्यांवर श्वास घेत होती. आज या सभागृहात जे बसले आहेत त्यांनी हात वर करावेत: पदरच्या पैशाने वर्तमानपत्र कोण घेतो? ... सात. बरे. मोबाईलवर फुकट आलेली बातमी पुढे कोण ढकलतो? ... आता मोजत नाही. फुकटच्या बातमीचे पैसे कोणीतरी भरतोच आणि जो भरतो त्याच्या आरतीचा आवाज त्यात येतो.

असो. शाळेचे पुढे काय झाले ते ऐका. त्या म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर मी दिले नाही. ते काढले रिक्षा चालवणाऱ्या एका तरुणाने. माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही माफ. तीस दिवसांत उत्तर दिलेच पाहिजे. हा कायदा कोणा पुढाऱ्याने ताटात वाढलेला नाही. राजस्थानात दुष्काळी कामावरच्या मजुरांनी 'आमची हजेरी दाखवा, आमच्या नावावर कोणी किती मजुरी उचलली ते दाखवा' म्हणून हट्ट धरला. १९९४ च्या डिसेंबरात कोट किराणा या गावी पहिली जनसुनावणी भरली. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले. अंगठेबहाद्दर मजुरांनी मागितलेला हा कायदा आहे, आणि शिकलेले आम्ही सही करताना तो विसरतो.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. त्याने पहिले अपील केले. मग चौदा कागद मिळाले, पानाला दोन रुपये दराने. त्यांत अंदाजपत्रक होते, मोजमाप पुस्तकाचा उतारा होता, तिन्ही खोल्यांची मापे होती आणि शेवटच्या पानावर माझी झोकदार सही. तो ते कागद घेऊन आधी माझ्याकडे आला. "गुरुजी, हे सभेत वाचायचे आहे. तुमचे नाव गाळू का?" असे त्याने विचारले. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा! मी म्हटले, नाव गाळलेल्या अहवालाची गोष्ट तुला ठाऊक नाही, वाच सगळे.

त्याआधी मी शाळा व्यवस्थापन समितीपुढे जाऊन कबुली दिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या समितीत पाऊण वाटा पालकांचा आणि निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. आमच्याकडे त्या बायका आजवर फक्त ठरावाखाली अंगठा देण्यापुरत्या येत. त्या दिवशी दोन तास बसल्या. मला जे बोलल्या ते इथे सांगण्याजोगे नाही. पण त्यात खोटे काही नव्हते. मी वरिष्ठांना लेखी कळविले. मला खुलाशाची नोटीस आली आहे. चौकशी चालू आहे. काय व्हायचे ते होईल. ठेकेदाराने घाईघाईने दुसऱ्या खोलीवर पत्रे घातले. तिसरी अजून उघडीच आहे, आणि जादा उचललेल्या रकमेची वसुली आज उद्या म्हणत लोंबकळते आहे. गावातल्या काही मंडळींनी माझ्याशी बोलणे सोडले. 'मास्तरने गावाची अब्रू घालवली' म्हणतात. पत्रे नव्हते तेव्हा गावाची अब्रू भिजत नव्हती, ती कागद वाचल्यावर गेली!

तालुक्याच्या वर तर काही वर्षे विचारायला माणूसच नव्हता. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. घटना म्हणते, पाच वर्षे पुरी होण्याच्या आत निवडणूक झाली पाहिजे. इथे आरक्षणाचा वाद कोर्टात, आणि कारभार प्रशासकाच्या हाती. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावले. तरी नगरपरिषदांचे मतदान व्हायला डिसेंबर उजाडला. तीन वर्षांहून जास्त काळ खेड्यातल्या माणसाला आपला म्हणून जाब विचारायला जिल्हा परिषद सदस्य नव्हता. या गोष्टीवर पहिल्या पानावर किती ओळी आल्या आणि कोण कोणाला सोडून कोणाकडे गेला यावर किती, हे ज्याने त्याने आपापल्या घरच्या रद्दीत मोजून पाहावे.

पुष्कळ झाले. चिटणीस घड्याळ पाहू लागले आहेत. आता कामाचे बोलतो. पुढली ग्रामसभा २ ऑक्टोबरची. तिच्या आधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिची दवंडी आमच्याकडे कधी पिटली जात नाही, ती यंदा पोरे पिटणार आहेत. रोकडवही आणि आकारणीची वही सभेत मागा. पंचायतीचे ३३ नमुने आहेत, पण या दोन वह्या पाहिल्या तरी निम्मे गाव कळते. वित्त आयोगाचा पैसा कोणत्या कामावर गेला हे ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर मोबाईलवर दिसते. वाढदिवसाचे फोटो पाहून झाले की तेही पाहा. माहिती अधिकाराच्या अर्जाचे कोरे नमुने मी चाळीस आणले आहेत. ते दाराशी टेबलावर ठेवले आहेत, शेजारी दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटे आहेत. तिकिटाचे दहा रुपये डब्यात टाकावेत. अर्ज ज्याला लिहिता येत नसेल त्याने थांबावे. माझी शेवटची एस. टी. साडेआठला आहे, तोवर मी लिहून देईन.