मोटारीस ताप चढला म्हणजे

मांडव्याच्या धक्क्यावर १५ मार्च २०२० पासून रो-रो बोट लागूं लागली आणि मुंबईची मोटार वडखळचा वळसा न घेतां अलिबाग तालुक्यांत उतरूं लागली. तरीही पुष्कळशा मोटारी पेण-वडखळवरूनच येतात आणि पोयनाड मागें टाकून कार्लेखिंड चढतात. एप्रिल-मे महिन्यांत या रस्त्यावर एक देखावा वरचेवर दिसतो. गाडी कडेला उभी, बॉनेट उघडें, आंतून वाफेचा लोट, मुलेंमाणसें झाडाच्या सावलींत, आणि घरधनी हातांत पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झांकणाकडे निघालेला. तो जें करावयास निघाला आहे, तेंच त्यानें त्या वेळीं करावयाचें नाहीं.

उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांवर उकळतें. रेडिएटरचें झांकण दाबाचें असतें; आंतील दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट झाला म्हणजे तेंच पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत न उकळतां राहतें. झांकण फिरवितांच दाब उतरतो, आणि आतांपर्यंत स्वस्थ असलेलें पाणी एका क्षणांत उकळून तोंडावर व हातांवर उसळतें. शिट्टी होत असतां कुकर कोणी गृहिणी उघडीत नाहीं; तोच विवेक येथें हवा. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावें. वरची रबरी नळी हातास सोसवेल इतकी निवाल्यावर जाड फडकें घेऊन, तोंड बाजूस ठेवून, झांकण हळूहळू सैल करावें. तापल्या इंजिनांत एकदम गार पाणी ओतणें हेंही तितकेंच वाईट. धातु अकस्मात् आकुंचन पावून सिलेंडरचें हेड तडकण्याची वा वांकण्याची भीति असते.

या अर्ध्या तासांत निदानाचें निम्में काम होऊं शकतें. ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण. आणि वैद्य जसा तो केव्हां चढतो व केव्हां उतरतो हें प्रथम विचारतो, तसें येथेंही विचारावें.

वडखळच्या नाक्यावर वाहनांच्या रांगेंत कांटा चढला आणि गाडी वेगानें धांवूं लागतांच उतरला, तर संशय पंख्यावर घ्यावा. धांवत्या गाडीच्या रेडिएटरमधून वारा आपोआप जातो. उभ्या गाडीस तो पंख्यानेंच पुरवावा लागतो. बहुतेक मोटारींत वातानुकूलन चालू करतांच हा पंखा फिरावयास हवा. न फिरल्यास फ्यूज, रिले, तारांचे जोड आणि शेवटीं पंख्याची मोटर, या क्रमानें तपासणी करावी. या किनाऱ्यावर जोड विशेष पाहावेत. तांब्यापितळेच्या भांड्यांवर जसा हिरवट कळंक चढतो, तसाच तो खाऱ्या हवेनें या जोडांवर चढून वीज अडवितो. बॅटरीची तार सोडवून जोड पॉलिश पेपरानें घासल्यावर पंखा फिरूं लागला, तर नव्या मोटरचा खर्च वांचला. हा पंखा इंजिन बंद असतांही एकाएकीं सुरू होऊं शकतो. बोटें त्याच्यापासून दूर ठेवावीं.

याउलट रांगेंत गाडी थंड राहिली आणि कार्लेखिंडीच्या किंवा काशीदकडच्या चढावर तापली, तर पाणी कमी आहे, पंपाचा पट्टा सैल आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा रेडिएटर तुंबला आहे. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. तो साधारणतः ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडूं लागतो. इंजिन तापलें असतां वरची नळी कढत आणि खालची अगदीं गार लागली, तर पाणी फिरत नाहीं हें उघड झालें. रेडिएटरची जाळी बाहेरूनही पाहावी. तिच्या पातळ पत्र्यांत वाळू, काड्या, किडे बसतात, आणि खाऱ्या वाऱ्यानें ते पत्रे भुरभुरतात. धुतांना पाणी इंजिनाच्या बाजूनें बाहेर, मंद धारेनें सोडावें. जोराच्या फवाऱ्यानें पत्रे दुमडून वाऱ्याची वाटच बंद होते.

रेडिएटर आंतून तुंबतो त्यास मात्र बहुधा माणूसच कारण असतो. गाडी तापली कीं जवळच्या विहिरीची बादली ओतावी, ही जुनी संवय. रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांत विहिरी पुष्कळ. पण पाणी कोठें गोड, कोठें मचूळ. मचूळ पाण्यांतील मीठ अ‍ॅल्युमिनियम खातें, आणि जड पाण्यांतील क्षार नळ्यांत खवल्यांसारखे बसतात. ज्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं तें पाणी रेडिएटरांत घालूं नये. कोणत्या विहिरीचें पाणी कसें, हें वाडींतील कोणतीही बाई प्रयोगशाळेवांचून सांगेल. अडचणींत सापडलेल्यानें पिण्याचें गोड पाणी घालून मुक्काम गांठावा. नंतर तें काढून योग्य कूलंट भरावें. कोंकणांत बर्फ पडत नाहीं, मग कूलंट कशाला, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील गंज रोखणारीं द्रव्यें त्यांच्या हिशेबांत नसतात, आणि या किनाऱ्यावर गरज तर त्यांचीच.

राहिला प्रश्न, पाणी गेलें कोठें. गाडीखालीं पडलेले थेंब वातानुकूलनाचे असले तर निव्वळ पाणी. कूलंट रंगीत आणि बोटांस बुळबुळीत लागतें. बाहेर सर्व कोरडें असूनही पाणी कमी होत राहिलें, मागून पांढरा धूर सुटला, ऑइल दुधाळ झालें किंवा चालू इंजिनांत टाकींत सारखे बुडबुडे येऊं लागले, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घेऊन गाडी ओढून न्यावी. अलिबाग आतां आलेंच, असें म्हणून रेटूं नये. पाणी पार संपलें तर कांटा एकाएकीं खालींही येतो, कारण उष्णता मोजणारा भाग पाण्यांत बुडालेला राहत नाहीं. वाफ दिसत असतां उतरलेल्या कांट्यावर विश्वास ठेवला तर इंजिन जळतें.

कांटा नुकताच चढूं लागला आहे, वाफ नाहीं आणि गांव जवळ आहे, अशा वेळीं मात्र एक युक्ति चालते. वातानुकूलन बंद करून हीटर पुरा उघडावा. इंजिनाची कांहीं उष्णता त्या वाटेनें गाडींत येते. मे महिन्यांत चौलच्या रस्त्यावर हीटर लावून बसलेलें कुटुंब घामाघूम होईल, मुलें कुरकुर करतील. पण खिडक्या उघड्या टाकून तें रेवदंड्यापर्यंत पोंचेल, आणि कांटा कोठें व केव्हां चढला हें तेथील मेकॅनिकला सांगूं शकेल.