कंपनी बदललीय, औषध तेच

औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला मी तीसहून जास्त वर्षं उभा आहे. गाव तालुक्याचं, दुकान एस.टी. स्टँडजवळ. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघालेलं वाक्य 'सुट्टे द्या' हे असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. ते वाक्य आहे, 'कंपनी बदललीय, औषध तेच.'

गिऱ्हाईक विचारतं, गोळी वेगळी का दिसते? आम्ही मान वर न करता हे उत्तर देतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. एकच औषध कितीतरी कंपन्या काढतात. एकीची गोळी गोल, दुसरीची लांबट, तिसरीची गुलाबी. उत्तर बहुधा खरं निघतं, आणि म्हणूनच स्ट्रिप न बघता ते देण्याची जिभेला सवय लागते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजारचा दिवस होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका आजींना मी मधुमेहाच्या गोळ्या दिल्या. नेहमीच्याच आजी. त्यांनी चंचीतून जुनी रिकामी स्ट्रिप काढली, नवीच्या शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "अरं भाऊ, ही गोळी येगळी दिसती." मी म्हणालो, "आजी, कंपनी बदललीय, औषध तेच." आजी हलल्या नाहीत. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण एस.टी.चं तिकीट आणि नोटा यांच्या कृपेनं आकडे पक्के होते. म्हणाल्या, "कंपनी बदलली आसंल. पर माज्या पाकिटावर येक हाय, ह्येच्यावर दोन."

मी स्ट्रिप उलटून पाहिली. मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड असलेली गोळी. त्यांना हवी होती ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅमची, मी दिली होती 2 ची. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात 1 लिहिलेलं. म्हणजे डॉक्टरांच्या अक्षरावर ढकलायचीही सोय नव्हती. माझा हात शेजारच्या खोक्यात गेला होता, एवढंच. ग्लिमेपिराइड दुप्पट झालं आणि त्या दिवशी आजी नीट जेवल्या नाहीत, तर रात्री साखर उतरणार, घाम फुटणार, उठताना तोल जाणार. आणि घरचे म्हणणार, वय झालं.

शेजारच्या खोक्याचं थोडं सांगतो, कारण ते बाहेरून दिसत नाही. बऱ्याच दुकानांत औषधं नावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावतात. पटकन सापडावीत म्हणून. पण त्यामुळे जी दोन नावं एकमेकांशी सर्वांत जास्त मिळतीजुळती, तीच फळीवर एकमेकांना खेटून बसतात. चूक व्हायला यापेक्षा चांगली व्यवस्था कुणी मुद्दाम करू म्हटलं तरी जमणार नाही.

नावांच्या सारखेपणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मलेरियावरच्या फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या दोन नावांवरून झालेल्या वादात 2001 साली न्यायालयानं सांगितलं की औषधांच्या नावांतलं साम्य इतर मालापेक्षा अधिक कडक नजरेनं तपासलं पाहिजे, कारण इथल्या गोंधळानं जीव जाऊ शकतो. पुढे 2016 मध्ये डॉक्टरांसाठी नियम आला: औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो इंग्रजी मोठ्या लिपीत लिहावं. या 'शक्यतो'मध्ये बरंच काही सामावून जातं, हे माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्या पाहिल्या की कळतं.

पण अक्षर मोत्यासारखं असलं तरी काही जागा निसरड्याच असतात. रक्तदाबाच्या एकाच नावाच्या गोळीमागे कधी 'एच' असतो, कधी 'एएम'. 'एच' म्हणजे बहुधा त्यात लघवी वाढवणारं औषध जोडलेलं, 'एएम' म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन. शेपूट चुकलं की औषध चुकलं. लहान मुलांच्या तापाचं पॅरासिटामॉल घ्या. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतं आणि सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 125 किंवा 250. थेंबांचं औषध चमच्यानं पाजलं तर तान्ह्या बाळाच्या पोटात किती जाईल, याचा हिशेब करून पाहा.

इन्शुलिनचा घोळ तर आणखी वेगळा. बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरला 40 युनिटची आणि 100 युनिटची. सिरिंजही दोन, चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. लाल आणि नारिंगी! संध्याकाळी ट्यूबलाइटखाली, चष्मा घरी विसरलेल्या माणसानं हा फरक ओळखायचा. शंभरची बाटली आणि चाळीसची सिरिंज अशी जोडी जमली, तर वीसच्या खुणेपर्यंत भरलेल्या इन्शुलिनमध्ये प्रत्यक्षात पन्नास युनिट असतात. उलटी जोडी जमली तर आठच. म्हणून इन्शुलिन घेताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही बोट ठेवून वाचा, आणि वाचता येत नसेल तर माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.

आणखी एक औषध नाव घेऊन सांगतो: मेथोट्रेक्सेट. सांधेवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते कुणी चुकून रोज घेतलं तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. बाकीच्या बहुतेक गोळ्या रोजच्या असल्यामुळे हीही रोजचीच असं घरात गृहीत धरलं जातं. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वार लिहून घ्या. 'आठवड्यातून एकदा' एवढ्यावर थांबू नका, 'दर रविवारी' असं लिहून घ्या.

आता गिऱ्हाइकांविषयी. तुम्ही पिशवी घेता, पैसे देता आणि प्रसाद घेतल्यासारखे निघता. कुणी थबकलंच तर विचारतं, "बरोबर आहे ना?" या प्रश्नाला आजवर कुठल्याही दुकानदारानं 'नाही' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्याऐवजी एकेक स्ट्रिप पुढे करून विचारा, "ही कशासाठी? ही केव्हा घ्यायची?" मग मला स्ट्रिप हातात घ्यावीच लागते, उलटावी लागते, छापील नाव चिठ्ठीशी लावून पाहावं लागतं. मी चिडेन कदाचित. चिडू द्या.

जुनी स्ट्रिप सोबत आणणं चांगलं, आजींनी तेच केलं. पण तिच्यातही एक फसगत आहे. मध्यंतरी डॉक्टरांनी डोस बदललेला असतो आणि घरचा माणूस जुनी स्ट्रिप दाखवून जुनाच डोस घेऊन जातो. तेव्हा स्ट्रिपबरोबर ताजी चिठ्ठीही हवी. आणि चारच गोळ्या कापून घेणार असाल, तर ज्या टोकाला बॅच नंबर आणि मुदत छापलेली आहे ते टोक मागून घ्या. आम्ही ते दुकानात ठेवून दुसऱ्या बाजूनं कापतो, आमच्या हिशेबाला सोयीचं म्हणून.

हल्ली चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर येतो आणि पोरगा मोटरसायकलवरून पिशवी पोचवून येतो. त्या पोराला विचारून उपयोग नाही, त्याला फक्त पत्ता माहीत असतो. पिशवी उघडा आणि दुकानात फोन लावा.

आजींच्या त्या प्रसंगानंतर मी 1 ची आणि 2 ची खोकी वेगवेगळ्या फळ्यांवर हलवली, एक वर, एक गुडघ्याइतकी खाली. दुकानात कामाला नवा मुलगा आला की आठवड्याभरात तो ती पुन्हा शेजारी-शेजारी आणून ठेवतो. म्हणतो, "काका, चुकीच्या जागी पडली होती, लावून टाकली." परवाही तसंच झालं. मी शिडी घेतली आणि एक खोकं परत वर नेऊन ठेवलं.