रक्ताची साक्ष



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यापासून आम्हांस अनेकांनी एकच प्रश्न केला. "डॉक्टर, थोडे रक्त काढून घ्यावे आणि कर्करोग आहे की नाही ते सांगून टाकावे, इतके सोपे झाले आहे काय?" या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे आणि त्यासाठी आपल्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवण्याचा आमचा विचार नाही. परंतु ज्याला रोग एकदा होऊन गेला आहे, त्याच्यावर नजर ठेवण्याच्या कामी रक्त काही साक्ष देते, हेही तितकेच खरे. ती साक्ष कोणती आणि तिच्यावर भरवसा किती ठेवावा, एवढेच आज सांगावयाचे आहे. उदाहरण घेतले आहे ते त्वचेच्या कर्करोगाचे.

त्वचेचे बहुतेक कर्करोग सावकाश वाढतात आणि वेळीच कापून काढले तर बरे होतात. त्यांच्यासाठी रक्तातील खुणा शोधण्याची वेळ सहसा येत नाही. मेलॅनोमा मात्र वेगळा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींपासून तो उद्भवतो आणि शरीरात दूरवर पसरण्याची त्याला खोड असते. गोऱ्या लोकांत त्याचा उन्हाशी निकटचा संबंध आहे. आपल्याकडे तो क्वचित होतो, आणि होतो तेव्हा पुष्कळदा पायाच्या तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली. तेथे उन्हाचा फारसा संबंध नाही. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ साली आढळला आणि १९८१ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी, ते वारले.

डाग कापून काढला, टाके निघाले, रोगी घरी गेला. तरी घरातील प्रत्येकाच्या मनात एकच शंका घर करून असते : तो परत तर येणार नाही? यकृतात किंवा फुफ्फुसात दडलेला दाणा डोळ्यांना दिसत नाही. पण रक्त सर्वत्र फिरते, तेव्हा दडलेल्या रोगाची वार्ता त्याला असावी, या तर्काने शास्त्रज्ञ त्याच्याकडे वळले.

पहिली साक्ष एल. डी. एच. हिची. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज असे तिचे पूर्ण नाव. साखरेतून शक्ती काढण्याच्या कामात मदत करणारे हे द्रव्य शरीराच्या बहुतेक सर्व पेशींत असते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले की, कर्करोगाच्या पेशी प्राणवायू असतानाही साखरेचे लॅक्टिक आम्ल करीत राहतात. त्या क्रियेतील शेवटची पायरी या द्रव्याची. गाठी वाढल्या, पेशी मोडू लागल्या, की ते रक्तात सांडते. दूरवर पसरलेल्या मेलॅनोमाची वर्गवारी करताना अमेरिकेतील तज्ज्ञांची समिती या द्रव्याचे प्रमाण विचारात घेते. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीतही ते कायम आहे.

पण हा साक्षीदार भोळा आहे. यकृताला सूज आली, हृदयाला झटका बसला, तरी तो आरडाओरडा करतो. एका बाईंच्या तळव्यावरचा मेलॅनोमा काढला होता. त्यांचा आकडा एकाएकी चढलेला आला. मुलीने आठ दिवस अन्न गोड मानले नाही. मग आमच्या ध्यानात आले की, रक्ताची नळी परगावाहून बसने, उन्हातून, हिंदकळत आली होती. वाटेत तांबड्या पेशी फुटल्या आणि त्यांतले द्रव्य बाहेर पडले. रक्त पुन्हा घेतले तेव्हा आकडा ठीक आला. चूक आमची होती. नळी हाती येताच रक्तजलाचा लालसर रंग पाहून आम्ही ती परत पाठवावयास हवी होती.

दुसरी साक्ष एस-१००-बी या प्रथिनाची. १९६५ साली मूर या शास्त्रज्ञाने हे प्रथिन गाईच्या मेंदूतून वेगळे केले. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेले राहते, म्हणून नावात शंभराचा आकडा आला. मेंदूतील प्रथिन कातडीच्या रोगात कसे, असे आपण विचाराल. गर्भात मज्जासंस्था घडत असते, तेव्हा तिच्या काठच्या पेशींतूनच रंगपेशी निघतात. हे त्यांचे जुने नाते होय. मेलॅनोमाच्या बाबतीत ही साक्ष पहिलीपेक्षा नेमकी असते. तथापि डोक्याला मार लागला तरी हे प्रथिन वाढते. जर्मनीतील वैद्यकीय सूत्रांनी त्याला पाठपुराव्यात स्थान दिले आहे. अमेरिकेतील सूत्रे मात्र, लक्षणे नसलेल्या रोग्याचे रक्त नित्य तपासा, असे सांगत नाहीत.

तिसरी साक्ष सर्वांत नवी. पेशी मरताना तिच्या डी. एन. ए.चे तुकडे रक्तात पडतात. रक्तजलात असे तुकडे असतात हे फ्रान्समधील मांदेल आणि मेते यांनी १९४८ सालीच दाखविले होते. पुढे २००२ साली असे आढळले की, निम्म्याच्या आसपास मेलॅनोमांत 'ब्रॅफ' नावाच्या जनुकात बिघाड असतो. असा बिघडलेला तुकडा रक्तात सापडला तर तो बहुधा रोगातूनच आलेला. हे तुकडे काही तासांतच नाहीसे होतात, म्हणून त्यांची साक्ष ताजी असते. मात्र गाठ अगदी लहान असेल तर तुकडा सापडतही नाही. शिवाय तळव्यावरच्या मेलॅनोमात ब्रॅफचा बिघाड पुष्कळच कमी आढळतो. तेव्हा परदेशातील तपासणी जशीच्या तशी उचलून आपल्या रोग्याला लावणे शहाणपणाचे नव्हे. त्याच्या गाठीत कोणता बिघाड होता ते आधी पाहिले पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. लवकर कळले म्हणजे लाभ झालाच काय? अंडाशयाच्या कर्करोगाविषयी २०१० साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ५२९ स्त्रियांपैकी काहींवर रक्तातील खूण चढताच उपचार सुरू केले, तर उरलेल्यांवर लक्षणे दिसल्यावर. दोन्ही गटांच्या आयुष्यमानात फरक पडला नाही. पहिल्या गटाच्या वाट्याला औषधांचा त्रास मात्र आधीपासून आला. मेलॅनोमाचे चित्र २०११ पासून पालटले आहे. ब्रॅफला रोखणारे औषध आणि शरीराच्या संरक्षक पेशींवरचा लगाम सैल करणारे औषध, ही दोन्ही त्या वर्षी अमेरिकेत मान्य झाली. त्या लगामाच्या शोधासाठी २०१८ साली ॲलिसन आणि होंजो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चांगली औषधे आली की आगाऊ सूचनेचे मोलही वाढते. तरी केवळ रक्ताच्या सूचनेवरून उपचार केल्याने मेलॅनोमाचे रोगी अधिक जगतात, असा निर्विवाद पुरावा अद्याप हाती आलेला नाही.

आणखी एक आठवण सांगतो. एका निवृत्त मास्तरांचे रक्त आम्ही दर तीन महिन्यांनी तपासत असू. आकडे नेहमी उत्तम. एके दिवशी ते आले ते जांघेत लिंबाएवढी गाठ घेऊन. चार महिने ती हाताला लागत होती. "मास्तर, आधी का नाही आलात?" असे विचारता ते म्हणाले, "अहो डॉक्टर, रक्त चांगले होते ना!" आम्ही निरुत्तर झालो. त्यांना आकडा आम्ही दिला होता, पण आकड्याचा अर्थ दिला नव्हता. साक्षीदार गप्प आहे याचा अर्थ गुन्हा घडला नाही असा होत नाही, हे त्यांना सांगावयास हवे होते.

तेव्हा मंडळी, एवढे घरी घेऊन जा. धडधाकट माणसाने या तपासण्या करून घेण्यात अर्थ नाही. ज्याला डॉक्टरांनी सांगितल्या आहेत त्याने त्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत कराव्यात. एका आकड्याने हबकून जाऊ नये, तीन-चार आकड्यांचा कल पाहावा. आकडा कितीही चांगला असला तरी नवी गाठ हाताला लागताच डॉक्टरांकडे जावे. आणि आपण सर्वांनी आज रात्री पाय धुताना तळवा दिव्याखाली धरून पाहावा. कुरूप म्हणून, रुतलेला काटा म्हणून, ठेच लागून काळे पडलेले नख म्हणून आपण जे सोडून देतो, ते वाढत असेल, पसरत असेल, रक्तत असेल, तर दाखवावे. ती साक्ष रक्ताच्या साक्षीच्या पुष्कळ आधी मिळते, आणि तिला एक पैसाही पडत नाही.