काशीला पुन्हा कोण येतं?

आज दूधविनायकातून बोलतोय. मधेच हॉर्न वाजला तर सांभाळून घ्या. गल्ली अशी की स्कूटर आली की माणसानं भिंतीला चिकटायचं.

इथल्याच एका मराठी घरातला मुलगा काल भेटला. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना तो खोली, होडी, गुरुजी, जेवण असं सगळं एकत्र ठरवून देतो. धंदा बरा चाललाय. आता वडिलांची 8 लाखांची मुदतठेव मोडून त्याला मोबाइलवर जाहिराती करायच्यात. म्हणाला, "काका, आधी नाव होऊ दे, नफा मागाहून येतो."

या एका वाक्यावर मुंबईत काय काय झालंय! आयआयटी मुंबईच्या मुलांनी 2012 मध्ये हाउसिंग डॉट कॉम काढली. कल्पना उत्तम होती. घराचे खरे फोटो, नकाशावर जागा. मुंबईत भाड्याचं घर शोधलेल्या माणसाला त्याची किंमत कळेल. डिसेंबर 2014 मध्ये सॉफ्टबँकेच्या पुढाकारानं 9 कोटी डॉलर आले. मार्च 2015 मध्ये 'लुक अप' ही मोहीम निघाली आणि शहरभर फलक लागले. जुलैमध्ये संचालक मंडळानं राहुल यादव यांना काढलं, आणि जानेवारी 2017 मध्ये कंपनी प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली. सगळं जाहिरातीमुळे झालं असं नाही. गुंतवणूकदारांशी भांडणंही होती. पण मला खटकतं ते वेगळंच. फलक बघणार घर शोधणारा, आणि पैसे मिळायचे ते दलाल-बिल्डरांकडून. शिवाय एकदा घर मिळालं की तो माणूस वर्षानुवर्षं तुमच्याकडे फिरकत नाही. म्हणजे दर वेळी नवा माणूस, नवी जाहिरात.

झोमॅटोचं उदाहरण याच्या उलट आहे. त्यांनी पब्लिक इश्शूच्या वेळी आकडे दिले होते. 2019-20 मध्ये जाहिरात आणि विक्रीवाढीवर सुमारे 1,338 कोटी खर्च, आणि एका ऑर्डरमागे सरासरी साडेतीस रुपये पदरचे. पुढच्या वर्षी तो खर्च 527 कोटींवर आला आणि ऑर्डरमागे साडेवीस रुपये सुटू लागले. अर्थात वरचा खर्च धरला तर कंपनी तेव्हाही तोट्यातच होती, आणि कोविडमुळे ऑर्डरीही मोठ्या झाल्या होत्या. पण भूक रोज लागते. एकदा आणलेलं गिऱ्हाईक पुन्हा येऊ शकतं, म्हणून तिथे हात आखडता घेता आला.

मग आम्ही त्या मुलाचा हिशेब मांडला. एका कुटुंबामागे त्याला 900 रुपये सुटतात. मागच्या महिन्यात त्यानं 12,000 रुपयांची जाहिरात करून पाहिली, त्यातून 8 कुटुंबं आली. म्हणजे कुटुंबामागे 1,500. याच दरानं 8 लाखांत 533 कुटुंबं येतील आणि वडिलांचे 3 लाख 20 हजार जातील. तो म्हणाला, जाहिरात वाढवली की दर उतरेल. बहुतेक वेळा चढतो, बाबा. ज्यांचं यायचं जवळपास ठरलेलंच असतं ते आधी येतात; पुढच्यांना ओढून आणावं लागतं.

"ही कुटुंबं पुन्हा कधी येणार?" मी विचारलं. तो हसला. "काशी आयुष्यात एकदाच करतात, काका."

खरंय. पण तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवा. यात्रेकरूचं नाव, गाव, कोणाचा कोण. यजमान स्वतः परत आला नाही तरी त्याचा मुलगा येतो, भावकी येते, आणि वहीत आजोबांचं नाव दाखवलं की तो दुसरीकडे जात नाही. त्या नोंदीला शाईशिवाय काय खर्च?

मी म्हटलं, वर्षभरात जाहिरातीशिवाय आलेल्यांपैकी कितीजण आधी येऊन गेलेल्यांच्या सांगण्यावरून आले? त्यानं कोणाला विचारलंच नव्हतं. नंबर मात्र सगळ्यांचे मोबाइलमध्ये होते. मुदतठेव त्यानं महिनाभर तशीच ठेवलीय, आणि आज सकाळपासून एकेकाला फोन लावत बसलाय. पहिला लागला साताऱ्याला.