नववी रेजिमेंट आणि माझा एक बग

आजचा भाग थोडा माफीनाम्याचा आहे.

मागे मी नेपोलियनच्या घोडदळाचा रंगतक्ता करून आपल्या ग्रुपवर टाकला होता. तो बघून अकरावीतल्या एका श्रोत्याने २८ मिलिमीटरचे बारा स्वार रंगवले. दोन महिने, अभ्यास सांभाळून. रेजिमेंट नववी. आणि बाराही जणांच्या कॉलर चुकल्या. चूक त्याची नव्हती, माझी होती.

झालं काय, ते सांगतो. फ्रेंच हलक्या घोडदळात 'शासर' असायचे. शासर म्हणजे शिकारी. सगळ्यांचा कोट हिरवाच. मग रेजिमेंट ओळखायची कशी? कॉलर आणि कफच्या रंगावरून. दर तीन रेजिमेंटना एक रंग. १ ते ३ लालभडक, ४ ते ६ पिवळा, ७ ते ९ गुलाबी, १० ते १२ किरमिजी, मग नारिंगी, आकाशी, ऑरोर आणि २२ ते २४ काप्युसिन. तिघींतल्या पहिलीचे कॉलर-कफ दोन्ही रंगीत, दुसरीचे फक्त कफ, तिसरीची फक्त कॉलर.

हे वाचून माझ्यातला इंजिनिअर जाम खूश! क्रमांकाला तीनने भागा, तक्ता तयार. पण माझी रंगांची यादी शून्यापासून सुरू होत होती आणि भागण्याआधी एक वजा करायचा मी विसरलो. त्यामुळे प्रत्येक तिसरी रेजिमेंट पुढच्या गटात ढकलली गेली. नववीला गुलाबीऐवजी किरमिजी मिळाला. तपासताना मी फक्त पहिली आणि चौथी बघितली होती, त्या दोन्ही बरोबर होत्या. बीटेकच्या पहिल्या वर्षातली चूक, दुसरं काय.

तो बग एका मिनिटात सुटला. पण तक्ता पुन्हा बघताना दुसरी चूक दिसली, आणि ती जास्त खोल होती. मी प्रत्येक रंगापुढे एकच हेक्स कोड दिला होता, संग्रहालयातल्या कोटांच्या फोटोंवरून उचललेला. एकाच कोटाचे दोन फोटो घ्या, दोन वेगळे कोड येतात. तिथला प्रकाश मुद्दाम मंद ठेवतात, प्रत्येक कॅमेऱ्याचा हिशोब निराळा, आणि कापड दोनशे वर्षांचं. त्या काळी हिरवं कापड दोनदा रंगवायचे, एकदा निळीत आणि एकदा पिवळ्यात. पिवळा आधी उडतो, नीळ टिकून राहते. म्हणून जुना हिरवा निळसर दिसतो. म्हणजे मी १८१० चा रंग दिलाच नव्हता, विटलेल्या कोटाचा दिला होता.

आता ऑरोर घ्या. ऑरोर म्हणजे पहाट, पहाटेच्या आभाळातला पिवळसर केशरी. काप्युसिन हे फुलाचं नाव, तो थोडा लालसर केशरी. घरातल्या तीन बायकांना अबोली रंगाची साडी दाखवायला सांगा, तीन वेगळ्या साड्या समोर येतील, आणि तिघीही बरोबर असतील. नावाने दिलेल्या रंगाला एक कोड नसतो, एक पट्टा असतो.

म्हणून नवीन तक्त्यात कोड नाहीत. रंगाचं नाव आहे, फिका ते गडद असा पट्टा आहे, आणि आधार काय तेही लिहिलंय: नियमावली, त्या काळातलं चित्र, की टिकलेला कोट. नियमावली आणि चित्र जुळत नसतील, तर दोन्ही दिलेत.

त्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "दादा, किरमिजीवर गुलाबी बसेल का?" थेट नाही बसत, मळकट दिसतो. आधी फिक्या करड्याचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग गुलाबी, पातळ करून दोन वेळा. व्हिडिओ कॉलवर तो कॉलर रंगवत होता आणि मी इकडे माझी नववी. हो, मीसुद्धा तोच तक्ता वापरला होता.

तर मंडळी, जुना तक्ता डिलीट करा. आणि नव्यात काही चुकलेलं दिसलं, तर रंगवायच्या आधी सांगा. भेटू पुढच्या भागात.