हौसेचे मोल

दिल्लीनजीक ग्रेटर नोएडा येथे जो मोटार-शर्यतीचा मार्ग आहे, त्यावर २०११ ते २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे फॉर्म्युला वनची भारतीय ग्रां प्री झाली. त्या वेळी करमणूक कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ही शर्यत खेळ की करमणूक, असा तो घोळ होता. व्यवसाय तर ती होतीच. पण हौस हा प्रकार करांच्या कोष्टकात कोठेच बसत नाही. आणि एके काळी याच शर्यतींत निव्वळ हौसेने उतरणारी माणसे होती.

कारेल गोदां द बोफोर हा त्यांपैकी एक. नेदरलंड्समधील मार्सबर्गेन येथल्या सरदार घराण्यात १० एप्रिल १९३४ रोजी त्याचा जन्म झाला. गावाचेच नाव त्याने आपल्या पथकाला दिले आणि मोटारीला आपल्या देशाचा नारिंगी रंग. देह असा थोराड, की शर्यतीच्या मोटारीतील चिंचोळ्या जागेत पाय मावेनात. म्हणून हा गृहस्थ बूट काढून, नुसत्या पायमोज्यांवर गाडी हाकी! आरंभी जाणकार त्याला धोकादायक नवशिका समजत, आणि ते फारसे चुकीचेही नव्हते. पण तो शिकत गेला. १९६२ साली झांडफोर्ट येथे, घरच्या प्रेक्षकांसमोर, त्याने सहावा क्रमांक मिळवला. जागतिक स्पर्धेत गुण मिळवणारा तो पहिला डच चालक. पुढे आणखी तीनदा तो सहावा आला. सहाव्या क्रमांकाला एक गुण. म्हणजे साऱ्या कारकिर्दीची कमाई चार गुण.

हौसेला मोल नसते म्हणतात, पण जुन्या यंत्राला वय असते. १९६२ च्या अखेरीस पोर्शे कारखान्याने या शर्यतींतून अंग काढून घेतले. बोफोर मात्र आपली चार सिलिंडरांची पोर्शे घेऊन धावतच राहिला. तोवर इतरांच्या मोटारी हलक्या आणि कितीतरी वेगवान झाल्या होत्या.

१ ऑगस्ट १९६४ रोजी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे सराव चालू असता बर्गवेर्क नावाच्या वळणावर ती मोटार रस्ता सोडून गेली. दुसऱ्या दिवशी कोलोन येथील रुग्णालयात त्याचा अंत झाला. वय अवघे तीस.

त्याच दिवशी ठरल्याप्रमाणे शर्यत झाली. फेरारी हाकणारा जॉन सर्टीझ पहिला आला. आणि जपानच्या होंडा कारखान्याची मोटार ग्रां प्रीमध्ये प्रथमच धावली.